‘किरकोळच होतं’ म्हणून निघून आलो, आता काय?

पत्र: मी मुलुंडला राहतो, वय 36, खासगी कंपनीत नोकरी. गेल्या रविवारी विक्रोळीला मावसभावाचा साखरपुडा होता. रात्री साडेनऊच्या सुमारास बायको आणि मुलीला घेऊन एलबीएस मार्गाने घरी येत होतो. भांडुपला मेट्रोच्या पत्र्यांमुळे रस्ता अरुंद झालाय. तिथे डावीकडून एक स्कूटर आत घुसली आणि तिच्या हँडलला माझ्या गाडीचा डावा आरसा लागला. स्कूटर आडवी झाली. मी थोडं पुढे जाऊन थांबलो. तेवढ्यात पब्लिक धावत आली, एकाने बॉनेटवर हात मारला, मुलगी रडायला लागली. मी घाबरून गाडी काढली. कुणाला काही लागलं नाही, किरकोळच होतं. बायकोने मागे वळून पाहिलं तेव्हा तो मुलगा पत्र्याला टेकून मनगट धरून बसला होता.

आता मेव्हणा म्हणतो, आरसा बदलून टाक आणि गप्प बस. सासरे म्हणतात, वेळ आलीच तर गाडी मी चालवत होतो म्हणून सांगू, माझं या वयात काय व्हायचंय? व्हॉट्सॲपवर वाचलं की ठोकून पळालात तर 10 वर्षं आत. तीन महिन्यांनी कंपनी मला सिंगापूरला पाठवणार आहे, पासपोर्ट नूतनीकरणाला द्यायचाय. अजून पोलिसांचा फोन आलेला नाही. आपणहून जावं की ते येईपर्यंत थांबावं?
– एक मुलुंडकर

उत्तर: तुमचं पत्र बुधवारी आलं. सदर छापून येईपर्यंत आणखी दिवस गेले असते, म्हणून तातडीचं तेवढं तुम्हाला त्याच दिवशी ईमेलने कळवलं. आरशाला हात लावू नका, सासऱ्यांना आवरा आणि वकील सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा. हे असंच का, ते आता सविस्तर लिहितो, कारण हा प्रसंग उद्या कुणावरही येऊ शकतो.

आधी तुमच्याच पत्रातली दोन वाक्यं शेजारी शेजारी वाचा. ‘कुणाला काही लागलं नाही’ आणि लगेच पुढे ‘मनगट धरून बसला होता’. दुचाकीवरून पडणारा माणूस हात पुढे टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. तिथे स्कॅफॉइड नावाचं एक छोटं हाड असतं. ते बारीक चिरलं तर पुष्कळदा पहिल्या एक्स-रेत दिसतही नाही. आठ-दहा दिवसांनी दुखणं थांबेना म्हणून परत फोटो काढला की कळतं. म्हणजे तुमचा अपघात किरकोळ होता की नाही, हे त्या रात्री तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं. आज तुम्हाला हवंय म्हणून तो किरकोळ आहे.

कायद्यात या मनगटाला फार किंमत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 प्रमाणे बेदरकारपणे किंवा हयगयीने केलेल्या कृत्याने साधी दुखापत झाली तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुखापत गंभीर असेल तर तीच कैद 3 वर्षांपर्यंत जाते आणि दंड 10,000 रुपयांपर्यंत. हाड मोडणं किंवा सांधा निखळणं ही व्याख्येनेच गंभीर दुखापत आहे. जोडीला सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार वाहन चालवल्याचं कलम 281 लागतं, त्यात 6 महिने किंवा 1,000 रुपये, किंवा दोन्ही. ही सगळी कलमं जामीनपात्र आहेत. तेव्हा पोलीस ठाण्यात पाऊल टाकलं की कोठडी, ही भीती मनातून काढून टाका.

पण या कलमांसाठी तुमची हयगय सिद्ध व्हावी लागते, आणि तुमचं म्हणणं खरं असेल तर तुमची बाजू लंगडी नाही. अरुंद रस्त्यात स्कूटर डावीकडून घुसली. पत्र्यांवरच्या किंवा समोरच्या दुकानांच्या कॅमेऱ्यात ते दिसत असेल तर टक्कर तुमच्या चुकीने झाली नाही असंही ठरू शकतं.

निघून येण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा विचारच नाही. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 134 चूक कुणाची हे विचारतच नाही. अपघातात कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं की चालकावर काही कामं येऊन पडतात. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोचवण्यासाठी शक्य ते सगळं करायचं. पोलीस विचारतील ती माहिती द्यायची. जागेवर पोलीस नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, आणि काहीही झालं तरी 24 तासांच्या आत, घडलं ते कळवायचं. विमा कंपनीला लेखी कळवायचं. टक्कर शंभर टक्के स्कूटरवाल्याच्या चुकीने झाली असती तरी ही कामं तुमचीच होती. म्हणजे टक्करीच्या बाबतीत तुम्ही निर्दोष सुटू शकता आणि निघून येण्याच्या बाबतीत अडकू शकता. एखाद्याची नुसती स्कूटर चेपली आणि कुणालाच खरचटलं नाही, तरी कळवायचं बंधन सुटत नाही. सोसायटीच्या आवारात उभ्या गाडीला घासून जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

आता पब्लिकचं. मुंबईत अपघात झाला की कोण चुकलं हे बघायच्या आधी मोठ्या गाडीवाल्याच्या कॉलरला हात जातो. गाडीत बायको-मुलगी असताना तुम्ही घाबरलात, यात मला नवल वाटत नाही. कायद्यालाही वाटत नाही. जमावाच्या क्षोभामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे जखमीला मदत करणं शक्य नसेल तर कलम 134 त्यातून सूट देतं. ही तरतूद तुमच्यासारख्या प्रसंगासाठीच आहे. पण सूट आहे ती तिथे थांबून मदत करण्यापुरती. पोलिसांना कळवण्यातून सूट नाही; उलट मदत का करता आली नाही, तेही त्याच माहितीत सांगायचं असतं. तुम्ही पुढच्या सिग्नलला गाडी बाजूला घेऊन 112 ला फोन केला असता, मुलगा पडलाय, पब्लिक अंगावर आली म्हणून मी पुढे थांबलोय, एवढं सांगितलं असतं आणि 108 ची रुग्णवाहिका मागितली असती, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. तुम्ही मुलुंडला घरी गेलात, झोपलात आणि सोमवारी ऑफिसला गेलात. या भागाला जमावाचं कारण पुरत नाही.

कलम 134 मोडल्याची शिक्षा कलम 187 मध्ये आहे. पहिल्यांदा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर एक वर्ष आणि 10,000. 2019 च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याला 3 महिने आणि 500 रुपये होते, आणि बऱ्याच लोकांच्या डोक्यात अजून तोच पाचशेचा आकडा आहे. याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे कलम 134 खाली दोषी ठरलात तर कोर्टाला तुमचं लायसन्स किमान एक महिना अपात्र ठरवावं लागतं.

साध्या दुखापतीच्या पहिल्या गुन्ह्यात कोर्ट बहुधा दंडावर भागवतं, हे खरं आहे. म्हणून कोर्टाच्या व्हरांड्यात तुम्हाला कुणीतरी हमखास सांगेल, ‘साहेब, कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.’ दंड भरून मोकळं होणं म्हणजे गुन्हा कबूल करून दोषी ठरणं. तो निर्णय वकिलाशी बोलून, कलमं समोर ठेवून घ्यायचा, व्हरांड्यात नाही.

निघून आल्याने तुमचंच आणखी एक नुकसान झालंय. रविवारची रात्र, साखरपुड्याचं जेवण, अपघात आणि पळालेली गाडी, एवढं ऐकल्यावर पोलीस असो की शेजारी, पहिला प्रश्न ‘प्यायला होता का?’ हाच असतो. तुम्ही पत्रात त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. प्यायला नसाल असं मी धरून चालतो. पण ते दाखवायचा सोपा मार्ग त्या रात्रीच होता. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आहे की नाही, हे तासाभरात तपासून तुमच्या बाजूचा कागद तयार झाला असता. आज ती तपासणी निरुपयोगी आहे. शंका राहिली, पुरावा गेला. आणि खरंच घेतली असेल, तर ते वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा. त्याच्यापासून लपवून ठेवण्यात तुमचाच तोटा आहे.

सासऱ्यांच्या माणुसकीला नमस्कार, पण ही या सगळ्यातली सर्वांत घातक कल्पना आहे. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर खरं नाव सांगणं मालकावर कलम 133 ने बंधनकारक आहे. आणि खऱ्या चालकाला वाचवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा न्याय संहितेखाली स्वतंत्र गुन्हा आहे, त्यात तुम्ही आणि सासरे दोघेही अडकाल. सासरे त्या रात्री कुठे होते हे त्यांचा मोबाइलच सांगेल, साखरपुड्याचे फोटो सांगतील, सिग्नलवरचा कॅमेरा सांगेल. पुण्यात मे 2024 मध्ये कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन जीव गेले, तेव्हा ड्रायव्हरने दोष आपल्यावर घ्यावा म्हणून त्याच्यावर दबाव आणल्याच्या आरोपावरून घरच्यांवर वेगळा गुन्हा दाखल झाला, हे तुम्ही वाचलंच असेल. तुमचं प्रकरण त्याच्यापुढे काहीच नाही, पण वाट तीच आहे. शिवाय सासऱ्यांचं लायसन्स चालू आहे का, हे तरी घरात कुणी पाहिलं का? मुदत संपली असेल तर विमा कंपनी भरपाईची रक्कम तुमच्याकडूनच वसूल करायला निघेल.

मेव्हण्याचा सल्ला दिसायला साधा आहे. आरसाच तर बदलायचाय. पण त्या आरशावरच्या खुणा हा तुमचा पुरावा आहे. आरसा पुढून मागे दुमडलाय की मागून पुढे, ओरखडा कोणत्या बाजूने सुरू झालाय, यावरून कोण कुणाच्या अंगावर आलं याचा अंदाज बांधता येतो. बदललात तर तो पुरावा गेला, आणि गॅरेजवाल्याच्या बिलावरची तारीख पुरावा नष्ट केल्याच्या आरोपाला आयती मिळाली. गाडी आहे तशी ठेवा. चारही बाजूंनी फोटो काढा. डॅशकॅम असेल तर कार्ड काढून बाजूला ठेवा, नाहीतर जुनं चित्रण आपोआप पुसलं जाईल.

थांबून बघू म्हणाल, तर किती थांबाल? ज्या गुन्ह्यांना एक वर्षापर्यंत शिक्षा आहे त्यांची दखल कोर्ट एक वर्षापर्यंत घेऊ शकतं. हाड मोडलेलं निघालं तर 3 वर्षांपर्यंत. तुमचा फोन वाजला नाही याचा अर्थ कुणी नंबर टिपला नाही असा होत नाही. भांडुपला ‘अज्ञात वाहनचालका’विरुद्ध गुन्हा दाखल होऊन कागद फिरत असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल. स्वतः गेलात तर ‘उशिरा का होईना, आला’ अशी नोंद होते. घरी येऊन नेलं तर ‘शोधून काढला’ अशी होते. 24 तास उलटून गेले हे खरं, त्यामुळे तो भाग धुऊन निघणार नाही. पण पुढे न्यायाधीशासमोर, आणि त्या मुलाच्या घरच्यांसमोरही, या दोन नोंदींत मोठा फरक पडतो.

जायचं ते जिथे अपघात झाला त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात. लायसन्स, आरसी, विमा पॉलिसी आणि पीयूसी यांच्या झेरॉक्स न्या, मूळ कागद दाखवायला ठेवा. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे लेखी अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर पोच म्हणून शिक्का व तारीख घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका, ‘आला होता’ याचा काहीही पुरावा राहत नाही. मजकूर साधारण असा ठेवा: ‘अमुक तारखेस रात्री साडेनऊच्या सुमारास एलबीएस मार्गावर माझ्या वाहनाचा डावा आरसा व एका दुचाकीचे हँडल एकमेकांना लागले. दुचाकीस्वार खाली पडला. मी वाहन थांबवले. जमाव जमून वाहनावर हात मारू लागला. वाहनात पत्नी व लहान मुलगी असल्याने मी तेथून निघालो. सदर माहिती देण्यास विलंब झाला आहे. तपासात सहकार्य करण्यास तयार आहे.’ संपलं. यात विशेषणं घालू नका. पोलिसी कागदात ‘भरधाव वेगाने व हयगयीने’ हे शब्द जवळजवळ छापील असल्यासारखे येतात. ते तुमच्या अर्जात किंवा जबाबात तुमच्या तोंडी घातले गेले तर सही करण्याआधी थांबा आणि वकिलाला दाखवा. घडलं ते सांगायचं. चूक कुणाची हे ठरवायचं काम तुमचं नाही, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेच्या कलम 20 ने कुणावरच करता येत नाही.

गाडी आरटीओच्या तपासणीसाठी ठेवून घेतील, त्याची तयारी ठेवा. सोपस्कार झाल्यावर 24 तासांत गाडी परत द्यावी असं कायदा म्हणतो. त्या भरवशावर शनिवारी लग्नाला जायचं ठरवू नका.

विमा कंपनीला आजच कळवा, लेखी. पॉलिसी क्रमांक आणि तिची मुदत, अपघाताची तारीख-वेळ-ठिकाण, कोण जखमी झालं, चालकाचं नाव आणि लायसन्स, एवढं त्यात हवं. इथे बरेच लोक ‘नो क्लेम बोनस जाईल’, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाईल, म्हणून हात आखडता घेतात. बोनस तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असतो. आरशाचा क्लेम करू नका हवं तर. पण त्या मुलाच्या भरपाईचा भाग थर्ड पार्टी विम्यात येतो आणि तो विमा सक्तीचा आहे. जून 2022 पासूनच्या दराने 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला वर्षाचे 3,416 रुपये त्यासाठीच घेतात. पैसे भरलेत, आणि ज्या दिवशी त्याचा उपयोग होता त्या दिवशी तुम्ही पळालात!

तुम्ही सापडला नाहीत तर त्या मुलाचं काय होतं, तेही ऐका. गाडी ओळखता आली नाही तर त्याच्यापुढे सरकारची ‘हिट अँड रन’ भरपाई योजना उरते. तिच्यात मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 रुपये आहेत. साध्या दुखापतीला काही नाही, मोडलेल्या स्कूटरला काही नाही. तुमचा नंबर कळला तर तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतो, त्याच्या औषधपाण्याचा, बुडालेल्या पगाराचा, स्कूटरचा खर्च तुमच्या विमा कंपनीकडून मागू शकतो. एलबीएसवर रात्री साडेनऊला स्कूटर चालवणारा पोरगा कदाचित डिलिव्हरीचं काम करणारा असेल. तसं असेल तर त्याचं मनगट म्हणजे त्याची रोजची कमाई आहे.

त्याला भेटायचं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या मनात आला असेल असं समजतो. भेटा, मात्र पोलिसांकडे नोंद झाल्यावर आणि एकटे जाऊ नका. आधीच जाऊन ‘मिटवून टाकू’ म्हणालात तर ते साक्षीदाराला गप्प करायला आल्यासारखं दिसेल. औषधांचे, एक-दोन तपासण्यांचे पैसे माणुसकी म्हणून द्यायला हरकत नाही. ते यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. पण ‘सगळी चूक माझी, एवढे लाख देतो’ असं लिहून देऊ नका. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, अशी अट बहुतेक मोटार पॉलिसींत असते आणि ती मोडली की कंपनीला हात झटकायला निमित्त मिळतं. आपसात समेट झाला म्हणजे गुन्हा आपोआप संपत नाही. दोघांच्या संमतीने तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, ती पुढची पायरी आहे.

आता व्हॉट्सॲपवरची 10 वर्षं. ती तरतूद न्याय संहितेच्या कलम 106 च्या दुसऱ्या पोटकलमात आहे आणि ती अपघातात माणूस मेला आणि चालक न कळवता पळाला तर, अशी आहे. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत मुंबईतल्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, आठवतं? ट्रक-टँकरचालकांचा तो संप याच तरतुदीविरुद्ध होता. पुढे 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. तुमच्या बाबतीत त्याचा कसलाही संबंध नाही, मेसेज पुढे पाठवू नका.

सिंगापूरचं म्हणाल, तर नुसता गुन्हा नोंदला गेला म्हणून पासपोर्ट अडत नाही. कोर्टाने दखल घेऊन खटला सुरू झाला तर त्या कोर्टाची परवानगी आणावी लागते. अशा प्रकरणात ती मागण्यात काही लाजिरवाणं नाही, वकील अर्ज करतो. पासपोर्टच्या अर्जातल्या प्रलंबित खटल्याच्या रकान्यात मात्र त्या दिवशी जे खरं असेल तेच लिहा. व्हिसाच्या अर्जातही तेच, कारण तिथे प्रश्न वेगळ्या शब्दांत असतो आणि नीट न वाचता ‘नाही’वर टिक करणारे पुढे अडकतात. कंपनीच्या एचआरला आज सांगायची गरज नाही. नियुक्तीपत्रात फौजदारी प्रकरण कळवण्याची अट आहे का ते मात्र आज रात्री काढून वाचा, आणि असेल तर गुन्हा नोंदल्याचं कळल्या दिवशी कळवा.